पट्टी कोणी काढली?

१

त्या सकाळी टेलरमावशींचा डावा डोळा जागेवर नव्हता. म्हणजे होता, पण रोजच्यापेक्षा वर सरकलेला आणि खोबणीतून पुढे आलेला. खालची पापणी फुगली होती आणि नुकती कुठे जांभळी पडायला लागली होती. चहाला हाक मारायला गेलेल्या लेकीने ते पाहिलं आणि कप तिथेच खाली ठेवून विचारलं, "कोणी मारलं?"

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या.

हे उत्तर लेकीने पूर्वीही एकदा ऐकलं होतं. ती शाळेत असताना याच डोळ्याखालचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागलं होतं. तेव्हाही मावशींनी सांगितलं होतं की कोणी मारलं नाही, मैदानावरून चेंडू आला. सगळ्या बिल्डिंगने चेंडूवर विश्वास ठेवला. लेक मात्र त्या दिवशी घरातच होती, आणि घरात चेंडू आला नव्हता. वडील आले होते. ते आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल अधिक बोलत नाही.

मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. आयुष्यभर वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या लिहिल्या, आता घरी बसून बायकोचं डोकं खातो. बायको डोळ्यांची सर्जन. हॉस्पिटलातून निवृत्त झाली तरी पुढच्या खोलीत पेशंट तपासते. बिल्डिंग तिला डॉक्टरीणबाई म्हणते, आणि घरात शांतता राहावी म्हणून मीही तेच म्हणतो.

दुपारी लेक आमच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका हातात स्कॅनचं पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात भरलेली बॅग. सकाळीच ती आईला हॉस्पिटलात घेऊन गेली होती. तिथल्या तरुण डॉक्टरने सांगितलं होतं, की डोळ्याखाली आत रक्त साकळलंय, मार लागलेला दिसतो, नजर सध्या शाबूत आहे, औषध घाला आणि ओसरायची वाट बघा. शिवाय अशी केस पोलिसांना कळवावीच लागते, त्यामुळे उद्या सकाळी जबाब घ्यायला कोणीतरी घरी येईल.

जबाबात काय सांगायचं ते लेकीचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी तिचा नवरा सासूवर ओरडला होता आणि दार आपटून निघून गेला होता. तो घरी परतलाच नव्हता. काय ओरडला ते सगळ्या जिन्याने ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं. "डोळे फुटलेत का तुमचे?" असं तो म्हणाला होता.

"उद्या मी त्याचं नाव सांगणार आणि आईला घेऊन इथून जाणार," लेक म्हणाली. "ती त्याला पाठीशी घालतेय, माझा संसार मोडू नये म्हणून. तिला सवय आहे. तुम्ही फक्त तिचा डोळा वाचेल का ते सांगा."

"डोळ्याला काय झालंय ते कळल्याशिवाय कसं सांगू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या. मी मागोमाग निघालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला कोणी बोलावल्याचं माझ्या साऱ्या नोकरीत घडलं नव्हतं.

२

मावशींनी आतून दार ढकललं तेव्हा मला एक पायरी खाली सरावं लागलं. त्यांचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, आणि बेसावध माणसाचं नाक फोडतं. मावशी एक तळवा डोळ्यावर ठेवूनच आम्हाला आत घेऊन गेल्या आणि शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. खिडकीत कापडांचे गठ्ठे, भिंतीवर टांगलेले कागदी नमुने, मशीनच्या फळीवर दोऱ्याची रिळं आणि त्यांच्यामध्ये गोळ्यांचं एक पाकीट.

डॉक्टरीणबाईंनी आधी गालाच्या हाडावरून बोट फिरवलं. मग बॅटरी लावून त्वचा जवळून पाहिली. कुठे ओरखडा नव्हता, खरचटलेलं नव्हतं. दाबून विचारलं, दुखतं का?

"दुखत नाही. आतून कोणी दडपतंय असं वाटतं," मावशी म्हणाल्या. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मार कसा दुखतो ते मला ठाऊक आहे."

नंतरचे प्रश्न मला तरी फुटकळ वाटले. आधी डोळा सरकला की आधी जांभळं झालं? आधी डोळा, मावशी म्हणाल्या, रंग तर हॉस्पिटलात पोचेपर्यंत चढत होता. या गोळ्या कसल्या? हृदयाच्या डॉक्टरांनी नुकत्याच सुरू केल्या होत्या, रक्त पातळ राहावं म्हणून. मागच्या ऑपरेशनच्या वेळी मोडलेल्या हाडाच्या जागी पट्टी बसवली होती ना?

"होती की. पण ती काढली ना नंतर. सकाळी त्या डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं."

"कोणी काढली?"

"सिस्टरनं."

डॉक्टरीणबाईंनी "बरं" एवढंच म्हटलं. त्यांचं लग्न माझ्याशी झालं त्याला बराच काळ लोटलाय, आणि त्यांचं "बरं" किती प्रकारचं असतं ते मला कळतं. हे त्यातलं महागडं होतं. पण का ते काही मला समजेना.

माझं डोकं वेगळ्याच दिशेने चाललं होतं. आदल्या दिवशी घरात आणखी कोणी आलं होतं का, हे मी विचारून घेतलं. एक गिऱ्हाईक येऊन कोटावरून कटकट करून गेलं होतं, पण ते सकाळी, आणि गिऱ्हाईक होतं काठी टेकत चालणारं. वरच्या मजल्यावरच्या काकू कानोसा घ्यायला खाली आल्या होत्या. काकूंवर माझा कायमचाच संशय असतो, पण तो वेगळ्या कारणासाठी. त्यांनी जिन्यात मला अडवून सांगितलं, की दार आपटल्याच्या आवाजापाठोपाठ मावशींचं "अगं आई" त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

म्हणजे ओरडणं, दार, किंकाळी आणि सकाळी फुगलेला डोळा. बातमी म्हणून मी हे छापायला देऊन मोकळा झालो असतो.

"जावई कुठे असेल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. लेकीने भिंतीकडे बघत सांगितलं, की असेल त्याच्या त्या लिफ्टच्या वर्कशॉपमध्ये, दुसरं जाणार कुठे.

३

वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड. तारेच्या दोरांची रिळं, ग्रीसचे डबे, एका लिफ्टचा उघडा पिंजरा. जावई त्या पिंजऱ्यातच एका खोक्यावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. आम्हाला पाहून उठला आणि आधी म्हणाला, "आईंचा डोळा कसा आहे?"

त्याला डोळ्याचं कळलं कसं, हा माझा प्रश्न तोंडातून निघायच्या आत त्यानेच सांगितलं. काकूंनी सकाळी फोन केला होता. काकू असताना वर्तमानपत्राची गरज काय, असं मला नेहमी वाटतं.

मग त्याने सगळं सांगितलं. आज त्याची हेड मेकॅनिकच्या जागेसाठी मुलाखत होती. मावशींनी त्यासाठी मुद्दाम नवा शर्ट शिवला होता. परवा कापला, काल दुपारी पुरा केला. संध्याकाळी त्याने अंगात घालून पाहिला तर बटणं आणि काजं जुळेनात. वरून लावत आणलं तर पुढचा भाग पोत्यासारखा फुगे आणि कॉलर एका बाजूला चढे. आधीच तो घाबरलेला होता, त्यात हे. तोंडून जे जायला नको होतं ते गेलं.

"डोळे फुटलेत का, असं मी म्हणालो. ज्या बाईनं मला मुलासारखं घरात घेतलं तिला." त्याने मनगटाने नाक पुसलं. "त्या समजूत घालायला माझ्या मागे दारापर्यंत आल्या होत्या. मी बाहेर पडलो आणि मागे न बघता दार आपटलं. आतून त्या ओरडल्या ते मला ऐकू आलं, तरी मी थांबलो नाही. दार त्यांच्या तोंडावर बसलं असणार. मुलाखतीला मी गेलोच नाही. मीच केलंय हे, डॉक्टरीणबाई. उद्या पोलिसांना तसंच सांगतो."

मी सवयीने खिशातलं पेन चाचपलं. आरोपी स्वतःच्या तोंडाने कबूल होतो, याहून जास्त काय पाहिजे? वाईट वाटलं, कारण पोरगा मला आवडतो. आमची लिफ्ट अडकली की तो पैसे न घेता सोडवतो.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कबुलीकडे साफ दुर्लक्ष केलं. "शर्ट कुठंय?" त्यांनी विचारलं.

त्याने कपाटातून चुरगळलेला शर्ट काढला. बाईंनी जुना पेपर अंथरून तो टेबलावर पसरला. बटणपट्टी आणि काजपट्टी शेजारीशेजारी ठेवली, आणि वरपासून खालपर्यंत एकेका काजावर नखाने खूण करत गेल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. कबुलीजबाबानंतर हसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

"चला घरी," त्या जावयाला म्हणाल्या. "तूही चल. आणि दाराला हात लावू नकोस, मला ते दाखवायचंय."

४

मावशींच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. लेक बॅग घेऊन खिडकीपाशी, जावई दारात अवघडून उभा, काकू कोणी न बोलावता कॉटवर. लेकीने नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सुरुवात दारापासून केली. जावयाला बाहेर उभं करून कालच्यासारखं दार आपटायला सांगितलं, आणि मावशींच्या जागी मला आत उभं केलं. बायकोच्या शास्त्रासाठी नाक पणाला लावून मी उभा राहिलो. दार जिन्याकडून येऊन धाडकन चौकटीत बसलं आणि तिथेच थांबलं, माझ्यापासून हातभर लांब. बाहेर उघडणारं दार आतल्या माणसाला कसं लागणार? दुपारी त्याच दारासाठी मी स्वतः पायरी उतरलो होतो आणि तरी माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

"मग आई ओरडली का?" लेकीने विचारलं.

"दचकले गं," मावशी म्हणाल्या. "एवढ्या मोठ्यानं आपटल्यावर कोणीही दचकेल."

लेकीच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. दाराने नाही तर हाताने मारलं असेल, असं ती म्हणाली, आईच्या सांगण्याला काय किंमत?

"आईचं सांगणं बाजूला ठेव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि शर्ट मशीनवर पसरला. "हा काय सांगतो ते बघ. घाईत किंवा कंटाळून केलेलं काम असेल तर एक काज वर जाईल, एक खाली, एखादं बरोबरही येईल. इथे एकूण एक काज खाली आहे, आणि सगळी सारखीच खाली, अंगठ्याच्या नखाएवढी. मावशी, तुम्ही काजांची खूण मोजून करता?"

मावशींना तो प्रश्न अपमानासारखा वाटला. सगळा जन्म शिवणात गेलाय, त्या म्हणाल्या, दोन पट्ट्या शेजारी ठेवायच्या, बटणाच्या रेषेत सरळ बघायचं आणि खडू टेकवायचा. नजर हीच पट्टी.

बाईंनी एक सुई त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. किती दिसतात? एक. मग ती हळूहळू मांडीकडे नेली. मावशी बघत राहिल्या, आणि आपणच चमकल्या. "दोन," त्या म्हणाल्या. "एकीखाली एक. अगं बाई, काल दुपारीपण असंच होत होतं. मला वाटलं चष्मा बदलायला झाला."

"समोर बघताना एक आणि खाली बघताना दोन. शिवणारा माणूस दिवसभर खालीच बघतो. प्रत्येक बटण दोनदा दिसत होतं, एकाखाली एक. खरं होतं वरचं, आणि तुम्ही खडू टेकवलात खालच्याच्या रेषेत." बाई लेकीकडे वळल्या. "शर्ट दुपारी पुरा झाला. भांडण संध्याकाळी, आणि तेही या शर्टावरूनच. म्हणजे तुझा नवरा तोंड उघडायच्या आधीच हा डोळा जागेवरून सरकायला लागला होता. रात्रीतून तो एवढा सरकला की सकाळी सगळ्यांना दिसला."

कॉटवर काकूसुद्धा गप्प होत्या, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

"पण मग सरकवला कोणी?" अखेर मीच विचारलं. गुन्हेगाराशिवाय माझं पोट भरत नाही.

"पट्टीनं," बाई म्हणाल्या. "मावशी, सिस्टरनं पट्टी काढली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"कॉटवर बसले होते. तिनं कात्रीनं कापून काढली, कापूस टाकून दिला, आणि म्हणाली, आता घरी जा."

आता माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी एक सुस्कारा टाकला आणि सांगितलं, की यात चूक मावशींची नाही, डॉक्टरांच्या जातीची आहे. इम्प्लांट म्हटलं की पेशंट घाबरतो, म्हणून डॉक्टर सोपं करून पट्टी म्हणतात. पेशंटला पट्टी म्हणजे डोळ्यावर बांधलेली पट्टी. सकाळी त्या तरुण डॉक्टरने आतली विचारली आणि मावशींनी बाहेरची सांगितली. आत काही उरलेलंच नाही असं धरून चालल्यावर रक्ताचं कारण मारच असणार, हे ओघाने आलं. ती आतली पट्टी मात्र इतकी वर्षं डोळ्याखालच्या हाडावर तशीच होती.

त्यांनी पाकिटातून स्कॅनची काळी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. डोळ्याखाली एक धुरकट ढग होता, आणि ढगाच्या पोटात एक बारीक, उजळ, सरळ रेघ. सकाळी ती रक्तातच जमा धरली गेली होती. "रक्त असं आखल्यासारखं सरळ बसत नाही," बाई म्हणाल्या. "ही सिलिकॉनची पट्टी आहे."

मोडलेल्या हाडावर आधाराला काय घालायचं, यावर त्यांच्या धंद्यात कायमचा वाद चालतो, हे मी जेवताना ऐकत आलोय. धातूची जाळी घातली तर कधी आसपासचे स्नायू तिला चिकटून बसतात. पेशंटचंच हाड घातलं तर ते कधी झिजत जातं. विरघळणारी पट्टी कधी हाड नीट धरायच्या आतच निघून जाते. बहुतेकांना काहीही होत नाही, लोक आयुष्यभर विसरून जातात. सिलिकॉन गुळगुळीत. शरीर त्याला आपलंही म्हणत नाही आणि बाहेरही काढत नाही, नुसती त्याच्याभोवती एक पिशवी विणून ठेवतं. कधी फार वर्षांनी त्या पिशवीतली एखादी नाजूक रक्तवाहिनी फुटते आणि पिशवी रक्ताने भरते. ती फुगली की डोळ्याला वर ढकलते. नुकत्याच सुरू झालेल्या गोळ्यांनी रक्त पातळ झालं होतं, त्यामुळे ते लवकर थांबलंही नाही.

"म्हणून नुसतं थांबून चालणार नाही. दाब वाढत गेला तर नजर जाऊ शकते. पट्टी काढली की डोळा खाली बसेल. हाड एव्हाना भरून आलंय, नवीन काही घालावं लागेल असं वाटत नाही."

बाईंनी तिथूनच त्या तरुण डॉक्टरला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की लगेच घेऊन या, हृदयाच्या डॉक्टरांशीही बोलून ठेवतो आणि पोलिसांना मी स्वतः कळवतो. पोरगा चांगला निघाला.

लेक अजून खिडकीपाशीच होती. बॅगेचा पट्टा तिच्या हातातून सुटला नव्हता. मावशी उठून तिच्यासमोर गेल्या.

"तेव्हा चेंडू नव्हता," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"तेव्हा मी खोटं बोलले ते सगळ्यांनी खरं मानलं. आता खरं बोलतेय तर माझीच पोर मानेना. तुझं चुकलं नाही बाळ. तू माझ्यासाठी बॅग भरलीस. तेव्हा माझ्यासाठी कोणी भरली नव्हती, मीसुद्धा नाही."

लेक रडली. आईच्या गळ्यात पडून, आवाज करून रडली, आणि आम्ही सगळे इकडेतिकडे बघत राहिलो. मग तिने डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "तू ओरडलास त्याची माफी अजून मागितली नाहीस."

त्याने मागितली. बॅग घेतली, कारण ती आता हॉस्पिटलात न्यायची होती, आणि लिफ्ट पुन्हा अडकलेली होती म्हणून सासूचा हात धरून त्यांना जिना उतरवला. एकेक पायरी तो मोठ्याने सांगत होता, कारण खाली बघताना त्यांना प्रत्येक पायरीच्या दोन पायऱ्या दिसत होत्या.

५

ऑपरेशन नीट झालं. त्या तरुण डॉक्टरने निघालेला तुकडा एका बाटलीत घालून डॉक्टरीणबाईंना दाखवायला आणला. नखाएवढा, पातळ, काचेसारखा. एवढ्याशा वस्तूसाठी मी एका भल्या माणसाला मनातल्या मनात तुरुंगात टाकलं होतं.

पट्टी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे हजर होतो. जावयाला मुलाखतीची दुसरी तारीख मिळाली होती आणि तो तिथूनच पळत आला होता, त्यामुळे अंगात तोच शर्ट होता. दुसरा चांगला नव्हताच, असं तो म्हणाला. पण लेकीने मला हळूच सांगितलं, की त्याने तो हट्टाने घातला होता आणि निकाल चांगला लागला होता.

सिस्टर आली आणि म्हणाली, "पट्टी काढू ना, मावशी?"

"कोणती ते आधी सांग," मावशी म्हणाल्या, आणि खोलीत एकच हशा पिकला.

सिस्टरने पट्टी सोडली. पापणी अजून सुजलेली होती, पण डोळा त्याच्या जागेवर होता. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली. समोर धरली, एक. हळूहळू खाली नेली. मावशी नजर खाली नेत गेल्या. लेकीने आईचा खांदा घट्ट धरला होता. मावशींची नजर मध्येच अडली. त्या सुईकडे बघतच नव्हत्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या जावयाच्या पोटाकडे बघत होत्या.

"एकच दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणि वाकडं दिसतंय. शर्ट काढा आधी, जावईबापू. हे माझं काम आहे असं लोकांना कळलं तर दुकान बंद होईल माझं."

त्याने तिथल्या तिथे शर्ट काढून सासूच्या मांडीवर ठेवला. लेक बॅगेत सुई-दोरा शोधायला लागली.